पांढऱ्याचे थेंब

बसा. तिथं नको, त्या खुर्चीचा पाय लंगडतो. इकडं बसा आणि हातातलं काम जरा बाजूला ठेवा. एक गोष्ट सांगतो. भुताची म्हणाल तर भुताची आहे, पण घाबरू नका, यातलं भूत ब्रशनं रंगवलेलं आहे. मारामारी नाही, पळापळ नाही. एक मेकअप करणारी बाई, एका सकाळी काम करता करता तिचा हात अर्ध्यात थांबला, एवढंच घडलं. यात कसली आली गोष्ट, असं म्हणाल. पण हात थांबला तेवढ्यात तिचं डोकं कुठं कुठं जाऊन आलं, ती गोष्ट. ऐकून घ्या, कारण शेवटी मला तुमच्याकडं काहीतरी मागायचं आहे.

तर ही मेकअपवाली. पन्नाशीला टेकलेली, उभं राहून राहून कंबर धरलेली. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, खोलीत एक उंच खुर्ची, समोर आरसा, आरशाभोवती दिवे, त्यातले दोन गेलेले. ते बदलू बदलू म्हणत तीन वर्षं काढली होती तिनं. आधी सगळ्या बायका करतात तेच काम करायची, नवऱ्यामुलींना सजवायचं, फोटोला बसणाऱ्यांच्या सुरकुत्या लपवायच्या. मग ते व्हँपायरचं खूळ आलं. व्हँपायर म्हणजे रक्त पिऊन जगणारं भूत, मेलेलं आणि तरी न मेलेलं, आणि मुख्य म्हणजे देखणं. नुसतं भेसूर करायचं असेल तर कुणीही करेल, तोंडाला पीठ फासलं की झालं. हिची खुबी अशी, की हिनं केलेला व्हँपायर बघून माणसाला आधी वाटायचं, काय सुंदर आहे, आणि मग जरा वेळानं वाटायचं, अरे, ही जिवंत नाही. पांढऱ्यात जांभळ्याची एक चिमूट. गालाच्या हाडाखाली राखाडी, पण बोटानं इतकी विरवलेली की कुठं सुरू होते कळू नये. डोळ्यांभोवती वाळलेल्या रक्ताचा तपकिरी-लाल धूर. ओठ कडेला काळपट आणि मधे ओले. कानशिलावर निळसर शिरा, बारीक ब्रशनं, एका श्वासात ओढलेल्या. लोक दुरून यायचे.

त्या सकाळी खुर्चीत बसली होती ती कुठल्याशा ऑफिसातली मोठ्या हुद्द्यावरची बाई. अंगानं भरलेली, हसरी, खुर्चीत मावेना. ऑफिसात सोंगं घेऊन जायची पार्टी होती. तिनं फोन पुढं केला.

"मला हाच पाहिजे. हुबेहूब."

"हाच?"

"हाच. आमच्या सुनेनं पाठवलाय. म्हणाली, आई, तुम्हाला शोभेल. आता यात टोमणा आहे की काय, ते मला अजून कळलेलं नाही."

मेकअपवालीनं फोटो बघितला. बघायची गरज नव्हती, तिचंच काम होतं. एका लिपस्टिकच्या कंपनीसाठी केलेल्या पाच रूपांपैकी पाचवं. ती हसली, म्हणाली, "करू की." आणि कामाला लागली. बाई बोलत होती, चेहरा हलत होता, हिनं हनुवटी धरून सरळ केला, स्पंज फिरवला, पांढरा लावला, पुरेना, आणखी लावला. बाईच्या गालातली लाली सारखी वर येत होती. "मी बारीक दिसेन ना हो यात?" "रक्त पिणाऱ्या सगळ्या बारीकच असतात." "मग मी फारच उशिरा सुरू केलं म्हणायचं!" दोघी हसल्या. मग डोळ्यांची वेळ आली. खालच्या पापणीच्या आत जी ओली कड असते ना, तिथं पेन्सिल फिरवायची असते. त्यासाठी अंगठ्यानं डोळ्याखालची कातडी जराशी खाली ओढायची. हे तिनं आयुष्यात किती हजार वेळा केलं असेल. ओढली. आतून लालबुंद निघाली. ओली, तुकतुकीत, जिवंत. आणि तिचा हात थांबला.

"काय झालं? काही गेलंय का डोळ्यात?"

"नाही. चांगलं आहे. एकदम चांगलं आहे."

"मग थांबलात का?"

"बघत होते," ती म्हणाली.

बघत होती हे खरंच. पण या बाईचा डोळा नव्हती बघत. सोळा दिवसांपूर्वी याच खुर्चीत, याच आरशासमोर, तिनं अशीच दुसरी एक कातडी खाली ओढली होती. ती आतून पांढरी निघाली होती. फिकी नाही, पांढरी. आणि तेव्हा हात थांबला नव्हता. तेव्हा मनात काय आलं होतं ते तिला शब्दासकट आठवत होतं, आणि आठवायचं नव्हतं. मनात आलं होतं, चला, पांढरी पेन्सिल वाचली.

ती पोरगी म्हणजे भिंगरी. खालच्या मजल्यावर चपला-बुटांचं दुकान आहे, तिथं काउंटरवर उभी राहायची. वीस-एकवीस वर्षांची. खरं नाव असेल काहीतरी चांगलं, पण सगळे भिंगरीच म्हणायचे, कारण एका जागी ठरायची नाही. जिन्यानं वर यायची ते दोन-दोन पायऱ्या गाळत, दारातूनच ओरडत, "मावशी, चहा टाक!" चेहरा मात्र असा की दिवा जरा वाकडा केला की हाडं बोलायला लागायची. फोटोवाल्यानंच सुचवलं होतं. फोटोवाला म्हणजे मेकअपवालीचा जुना जोडीदार, पोट सुटलेला, सदा कॅमेऱ्याच्या पट्ट्यात अडकलेला. तो म्हणाला, "बाहेरून मॉडेल आणायला कशाला पाहिजे? ही आहे की. फक्त हिला खुर्चीला बांधा." पहिल्या दिवशी खरंच बांधायची पाळी आली होती. मान इकडं, मान तिकडं, मधेच फोन, मधेच "मावशी, मला सुळे लाव ना आधी, मी दुकानात जाऊन मालकाला चावून येते." तीन तास लागले. पांढरा किती लागला! तांबूस, उन्हात हिंडलेली कातडी, आणि खालून रक्त असं उसळतंय की थर चढवावा तर अर्ध्या तासात गाल पुन्हा गुलाबी. हिनं वैतागून म्हटलं होतं, "अगं, तू जरा मर की थोडा वेळ!" सगळे हसले. भिंगरी सगळ्यांत जास्त हसली. आता ते वाक्य मेकअपवालीच्या कानात, तिच्याच आवाजात, कुठूनही उठायचं. भांडी विसळताना उठायचं.

या बाईची एक सवय सांगायला पाहिजे. प्रत्येक चेहऱ्याचा ती कागद करायची. जाड कागदावर चेहऱ्याची नुसती बाह्यरेषा छापलेली असते, त्यावर जो रंग चेहऱ्याला लावला तोच खराखुरा रंग लावायचा, तोच ब्रश, तीच पावडर, आणि वरून फवारा मारून पक्का करायचा. बाजूला लिहायचं, कुठला रंग किती. तारीख टाकायची. तेच रूप पुन्हा करायची वेळ आली तर अंदाजपंचे काम नको म्हणून. शाळेत ती फार गेली नाही, अक्षर कोंबडीनं पाय उमटवल्यासारखं, पण हे कागद जपायची. भिंगरीचे पाच होते. पहिल्यावर लिहिलं होतं, पांढऱ्याचे नऊ थेंब, तिच्या कातडीच्या रंगाचे तीन. दुसऱ्यावर, दहा दिवसांनी, पांढरा सात. तिसऱ्यावर पाच. चौथ्यावर दोन. आणि पाचव्यावर, पहिल्यापासून मोजलं तर सातव्या आठवड्यात, आकडाच नव्हता. तिथं लिहिलं होतं: "पांढरा नको. आपोआपच आहे. मस्त." मस्तच्या पुढं एक चांदणी काढली होती. पेन्सिलीनं, पाच टोकांची. किती खुशीत काढली होती, तेही आठवत होतं.

आता कुणी म्हणेल, तिला काय माहीत, ती काय डॉक्टर आहे. तिनंही स्वतःला असंच सांगून बघितलं. पण ती आठ वर्षांची असताना धाकटा भाऊ झाला, आणि आई उठेना. जिना चढायची तर मधे बसायची. मग एक डॉक्टर घरी आले होते, हातात कातडी पिशवी, अंगाला जंतुनाशकाचा वास. त्यांनी दुसरं काही करायच्या आधी आईच्या डोळ्याखाली अंगठा ठेवला आणि कातडी खाली ओढली. पोरगी कडेला उभी राहून बघत होती. डॉक्टर बापाला म्हणाले, "हे बघा, आतून पांढरंफटक. रक्त कुठं आहे या बाईच्या अंगात? इतके दिवस काय बघत होता?" बापानं मान खाली घातली. आई बरी झाली, गोळ्या घेऊन, मटण-यकृत खाऊन, सहा महिन्यांत. पण ही पोरगी पुढं कितीतरी दिवस आरशासमोर उभी राहून स्वतःच्या पापण्या ओढून बघायची, लाल आहे ना, लाल आहे ना. घरातल्या सगळ्यांच्या ओढायची. बाप झोपलेला असताना त्याचीही ओढली होती, फटका खाल्ला होता. म्हणजे बघा, हे तिला येत होतं. मेकअप येण्याच्या आधी येत होतं. तोच अंगठा, तीच जागा. मधल्या चाळीस वर्षांत त्या अंगठ्याला दुसरं काम लागलं, आणि पहिलं काम तो विसरला. की विसरला नव्हता? हाच तिचा छळ होता. कारण पाचव्या वेळी, ती पांढरी कड दिसली तेव्हा, खूप खाली, विहिरीत दगड पडल्यासारखं काहीतरी वाजलं होतं. तिला ते ऐकू आलं होतं. आणि तिनं ब्रश उचलला होता.

बाकीचं काय कमी होतं का? तिसऱ्या वेळी भिंगरी जिन्यानं आली ती एकेक पायरी चढत, आणि आल्या आल्या खुर्चीत बसली. चहा मागितला नाही. "काय गं, आज गप्प?" "काही नाही गं मावशी, दुकानात उभं राहून पाय गेले." आणि मेकअपवालीला काय वाटलं? बरं वाटलं. पोरगी शेवटी सुधारली, नीट बसायला लागली. दीड तासात काम झालं. चौथ्या वेळी डोळे मिटून बसली होती, इतकी स्थिर, की पापणीवरची रेघ एका झटक्यात निघाली, न पुसता. कानशिलावरच्या शिरा काढायला ब्रश निळ्यात बुडवला तर शिरा होत्याच. कातडीखाली दिसत होत्या, बारीक, फांद्या फुटलेल्या, तिनं आयुष्यात काढल्या नसत्या इतक्या सुंदर. पहिलीतल्या पोरानं ठिपक्याठिपक्यांची अक्षरं गिरवावीत तशा तिनं त्या नुसत्या गिरवल्या. फोटोवाला मागं उभा राहून म्हणाला, "आई गं! या वेळी तर तू स्वतःच्याही पुढं गेलीस." तिनं कौतुक घेतलं. घेतलं हेच तर. आणि पाचव्या वेळी काम झाल्यावर आरसा दाखवत ती भिंगरीला म्हणाली होती, "तुझ्या चेहऱ्याला आता मला काही करावंच लागत नाही बघ. तू तयारच येतेस." पोरीनं आरशात बघितलं. खूश झाली. ओठ पांढरे होते तिचे, पण त्यावर लाल होता, हिनंच लावलेला.

चार दिवसांनी भिंगरी दुकानाच्या माळ्यावरून बुटांची खोकी उतरवताना खाली आली. खोकी आधी आणि ती मागून. डोक्याला लागलं नाही, पण शुद्धीवर येईना. हॉस्पिटलात नेलं, तिथं कळलं की अंगात रक्त निम्म्याहून कमी. तीन पिशव्या चढवल्या. कुठून जातंय, कसं जातंय, काही समजेना. फोटोवाला ही बातमी घेऊन आला आणि सांगता सांगता त्याच्या तोंडून निघून गेलं, "खरीच व्हँपायर झाली बघ पोरगी, दुसऱ्यांच्या रक्तावर चाललीय." वाईट माणूस नाही तो. घाबरला की असं बोलतो. पण मेकअपवालीला हसू आलं. फुस्सकन, नाकातून. हसली आणि मग पदर तोंडात धरून तशीच उभी राहिली, आणि फोटोवाला म्हणाला, "अगं, रडू नकोस, होईल बरी." तिनं त्याला तसंच समजू दिलं.

आणि काल भिंगरीची आई आली होती. उभ्या-उभ्याच. शिवणकाम करणारी बाई, बोटाला अजून सुईचे डाग, हातात थर्मास. बसा म्हटलं तरी बसली नाही, त्या उंच खुर्चीकडं बघत राहिली. म्हणाली, "ताई, एक विचारायला आले. डॉक्टरीणबाई सारखं विचारतायत, ही अशी पांढरी कधीपासून पडली? हळूहळू पडली की एकदम? त्यावर पुढचं ठरायचंय म्हणे, कुठं शोधायचं ते. आणि मला सांगता येत नाही. रोज समोर असते हो, रोज बघते, मला काय कळणार! मी तर आळशी झालीस म्हणून बोलत होते तिला." "फोटो असतील की तिच्या फोनमध्ये." "बघितले डॉक्टरांनी. सगळ्या फोटोंत गुळगुळीत गोरी आहे. ते फोनच करतात म्हणे तसं. मग माझ्या डोक्यात आलं, तुम्ही तिचा चेहरा इतक्या जवळून बघता. तुमच्याइतकं जवळून तर मीही नाही बघितलं कित्येक वर्षांत. तुम्हाला काही दिसलं होतं का?" आरशाभोवतीचे दोन गेलेले दिवे. थर्मासच्या झाकणावर पडलेला पोचा. खालच्या दुकानातून येणारा नव्या चामड्याचा वास. ड्रॉवर तिच्या उजव्या मांडीला लागूनच होता आणि त्यात पाच कागद होते, तारखांसकट. आणि मेकअपवालीच्या तोंडून आलं, "नाही हो. आम्ही रंगच एवढा चढवतो, खालचं काही दिसतच नाही." आई म्हणाली, "हो, तेही खरंच." आणि गेली. जिना उतरताना कठड्याला धरून उतरत होती. मेकअपवाली दारात उभी राहून ऐकत होती, आणि मनात म्हणत होती, आता हाक मार, आता हाक मार. पायऱ्या संपल्या.

"अहो, डोळ्यात पाणी यायला लागलं माझ्या," ऑफिसातली बाई म्हणाली. मेकअपवालीनं चटकन अंगठा काढला. पेन्सिल फिरवली. मग एकदम विचारलं, "तुम्हाला जिना चढताना दम लागतो का?" बाई दचकली. "का हो? जाड आहे म्हणून विचारताय?" "नाही, असंच. झोप लागते ना? भूक?" "भूक लागते म्हणून तर हे सगळं झालंय!" बाई पुन्हा हसली, आणि मेकअपवालीला त्या हसण्याचा, त्या लाल पापणीचा, त्या गरम गालांचा असा काही आधार वाटला की तिनं बाईच्या खांद्यावर उगाचच हात ठेवला. काम पुरं केलं. चांगलं झालं होतं, देखणंही झालं होतं, पण फोटोतलं झालं नव्हतं. बाई आरशात बघून म्हणाली, "छान आहे हो. पण ती फोटोतली पोरगी जरा जास्तच मेलेली वाटते नाही?" पाचव्या कागदावरून तसा चेहरा कुणाचाच होणार नव्हता. त्या कृतीतला मुख्य माल कुठल्या डबीत मिळत नाही.

बाई गेली तेव्हा एक वाजला होता. हॉस्पिटलात भेटायची वेळ चार ते सहा. तिनं ड्रॉवर उघडला, पाचही कागद टेबलावर ओळीनं मांडले. आणि पाचवा हातात घेतला. ती चांदणी. कापून टाकावी का? कोपरा फाटला म्हणता येईल. पण लिहिलेलं बरोबर मधेच होतं, गालाशेजारी. मग तिनं एक कोरा कागद घेतला. तोच मेकअप पुन्हा त्यावर केला, शांतपणे, ब्रश धुऊन धुऊन, डोळे, ओठ, शिरा. जुनी तारीख टाकली. आणि बाजूला लिहिलं, "पांढरा शून्य." नुसतं शून्य. सभ्य. असं, की कुणीही म्हणावं, बाई कामाची पक्की आहे. वीस मिनिटांत झाला. आयुष्यात इतकं सुबक अक्षर तिनं काढलं नव्हतं. तो तिनं बाकीच्या चार कागदांबरोबर पाकिटात घातला, आणि खरा पाचवा दुमडून पर्सच्या आतल्या कप्प्यात. ड्रॉवरात परत का नाही ठेवला, टेबलावर का नाही सोडला, असं विचाराल, तर ते तिलाही सांगता आलं नसतं.

वॉर्डाच्या बाहेर लांब बाक होता. भिंगरीची आई तिथंच बसली होती. डॉक्टरीणबाई म्हणजे एक तरुण मुलगी, झोप न झालेली, पेन केसात खोवलेलं. मेकअपवालीनं पाकीट पुढं केलं, म्हणाली, "हे तिचे कागद. प्रत्येक वेळी किती पांढरा घालावा लागला ते लिहिलंय. तारखा आहेत." डॉक्टरीणबाईला आधी कळेना. मग कळलं. तिनं कागद बाकावरच ओळीनं मांडले, खाली वाकली, बोट ठेवून वाचत गेली. नऊ. सात. पाच. दोन. शून्य. "सात आठवडे," ती स्वतःशीच म्हणाली. "एकसारखं उतरतंय. म्हणजे काही एकदम फुटलेलं नाही, कुठूनतरी झिरपतंय." तिचा चेहरा उजळला. "तुम्हाला कल्पना नाही हे किती कामाचं आहे! काय नजर आहे हो तुमची!" बाकावर बसलेल्या आईनं मान वर केली. डॉक्टरीणबाई शेवटचा कागद उचलत होती, आणि तिनं स्वतःचा अंगठा बघितला. लाल झाला होता. फवारा मारायचा राहिला होता. तीस वर्षं कधी राहिला नव्हता.

"हा ओला कसा? हा कधी केलात?"

सांगता आलं असतं, घामानं सुटला, पर्समध्ये काही सांडलं. शंभर गोष्टी तोंडाशी आल्या. आकडा तर खराच होता, तारीखही खरी होती.

"आज दुपारी," मेकअपवाली म्हणाली. "खरा हा आहे." आणि तिनं आतल्या कप्प्यातून दुमडलेला कागद काढला.

डॉक्टरीणबाईनं वाचला. आईनं हात पुढं केला. तिला वाचायला वेळ लागायचा, आणि ती मोठ्यानं वाचायची, एकेक शब्द जोडत. "पांढरा... नको. आपो... आपोआपच... आहे." थांबली. "मस्त." मग चांदणीवर बोट ठेवून जरा वेळ बसली, जणू तेही अक्षर आहे आणि लागत नाहीये. डॉक्टरीणबाईनं खोटा कागद बाजूला सारून बाकीच्यांचे फोटो काढले, खऱ्याचाही काढला, आणि घाईनं आत गेली.

"काल तुम्ही म्हणालात, दिसलं नाही."

"हो."

"दिसलं होतं."

"दिसलं होतं. पण मला ते..." तिनं पर्स बंद केली. मग बोलली. "मला ते छान दिसलं हो."

आई थर्मासचं झाकण घट्ट करत राहिली. घट्टच होतं ते. वॉर्डातून कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज येत होता, एक ढकलगाडी कुरकुरत गेली. मेकअपवालीला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण बाई इतकंच म्हणाली, "मला आत्ता तुमच्यावर चिडायलाही वेळ नाही, ताई. तिचं झालं की बघेन."

"मी तिला सांगते. आत्ता जाऊन सांगते."

"काही सांगायचं नाही." आईचा आवाज पहिल्यांदाच चढला. "सांगून तुम्ही मोकळ्या व्हाल. तिनं काय करायचं? त्या फोटोवर चाललंय तिचं आत. येईल त्या नर्सला दाखवते. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिला सुंदर म्हटलंय. ते काढून घेणार आहात का आता? जा आत, हसा, आणि या बाहेर."

ती आत गेली. भिंगरी उशीला टेकून बसली होती, हाताला नळी, गालावर दुसऱ्या कुणाच्या रक्ताची हलकी लाली. "मावशी! ये, ये! हा बघ, दुकानांच्या काचांवर लावलाय म्हणे, माणसाएवढा!" फोन तिच्या नाकासमोर धरला. "मी सगळ्यांना सांगितलं, तू काय म्हणालीस ते. याला मेकअप करावाच लागला नाही, मी तयारच आले होते. म्हणालीस ना?"

"म्हणाले होते," मेकअपवाली म्हणाली. आणि हसली. ते हसू कसं आणलं, ते तिचं तिला ठाऊक.

झिरपत होतं ते आतड्यात सापडलं. शिवलं. पोरगी वाचली, आता हिंडते-फिरते, पूर्वीइतकी नाही, पण पायऱ्या गाळते अधूनमधून. तिच्या आईला चिडायला अजून वेळ मिळालेला नाही. दोघी समोरासमोर आल्या की एकमेकींना तब्येत विचारतात, आणि बाजूला होतात. मेकअपवाली अजून त्याच खोलीत आहे. व्हँपायर अजून करते, मागतात लोक. फक्त ते पाचवं रूप कुणी मागितलं तर जमणार नाही म्हणते, आणि कारण सांगत नाही.

म्हणून तुमच्याकडं एक मागणं आहे. भिंगरी तुम्हाला भेटेल कुठंतरी. रांगेत, थांब्यावर, कुणाच्या घरी. ओळख झाली की पाच मिनिटांत फोन काढेल आणि तो फोटो दाखवेल, दाखवल्याशिवाय राहायची नाही. तुम्हाला आता सगळं माहीत आहे, तिला नाही. तेव्हा चेहरा सांभाळा. नीट बघा, घाई करू नका, आणि छान आहे म्हणा. तेवढं म्हणा.